जेलिकोच्या गाडीने स्कापा फ्लोला

पहिला दिवस, १ जून : लंडन

काका मुंबईहून यायच्या आधीच मी त्यांच्यासाठी यादी करून ठेवली होती. टॉवर ब्रिज, राजवाडा, मेणाचे पुतळे, थेम्समधली बोट. काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली, घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाले, "हे सगळं फोनवर बघून झालंय. मला जेलिको दाखव."

मी या देशात सोळा वर्षं राहते. जेलिको हे माणसाचं नाव आहे की गावाचं, हेही मला माहीत नव्हतं.

काका आता ऐंशीला टेकलेत. साठच्या दशकात ते आपल्या नौदलात 'आयएनएस दिल्ली'वर तोफखान्यात होते. ती 'दिल्ली' म्हणजे मूळची 'अकिलीस', न्यूझीलंडच्या आरमारातली क्रूझर. बोट जुनी, तोफा जुन्या, आणि शिकवणारे त्याहून जुने. जेलिको म्हणजे पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश आरमाराचा सेनापती. १९१६ साली जटलंडला जर्मन आरमाराशी त्याची मोठी लढाई झाली. कोचीनला प्रशिक्षणात एका मास्तरांनी फळ्यावर त्या लढाईची आकृती काढून जेलिको शिकवला होता. काकांच्या डोक्यात तो फळा अजून पुसला गेलेला नाही.

मग सकाळी ट्रफाल्गर चौकात गेलो. ट्रफाल्गरची आरमारी लढाई जिंकणारा नेल्सन आपल्या खांबावर ढगांशी बोलत उभा. खाली चौथऱ्यांवर आपल्याला चांगलेच ठाऊक असलेले दोघे, सिंध घेणारा नेपियर आणि सत्तावन्नचा हॅवलॉक. जेलिको कुठे? काका गोल फिरले, मी गोल फिरले. शेवटी उत्तरेच्या भिंतीला लागून, कबुतरांच्या उंचीवर सापडला. अर्धपुतळा, शेजारी जटलंडला त्याच्या हाताखाली लढलेल्या ॲडमिरल बीटीचा तसाच अर्धपुतळा. दोन्ही १९४८ साली ट्रफाल्गरच्या दिवशी, २१ ऑक्टोबरला बसवलेले. एक मुलगी जेलिकोच्या खाली बसून सँडविच खात होती. काकांनी तिला काही न म्हणता ताठ उभं राहून सलाम ठोकला. तिला वाटलं तिलाच केला. तिनेही हात हलवला.

"नेल्सन जिंकला म्हणून खांबावर," काका म्हणाले, "आणि हा हरला नाही म्हणून भिंतीला."

दुपारी सेंट पॉल्सच्या तळघरात. नेल्सनचं भलंमोठं काळं शवपात्र मध्यभागी, जेलिकोची जागा त्याच्यापासून फार लांब नाही. २० नोव्हेंबर १९३५ला तो गेला, पंचाहत्तरीचा. युद्धविराम दिनाच्या सुमारास थंडीत बाहेर उभं राहून सर्दी झाली, ती छातीत उतरली. त्या फुप्फुसात १९०० सालापासून एक गोळी होती. चीनमध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी पेकिंगच्या वाटेवर लागलेली ती गोळी शेवटपर्यंत आतच राहिली. त्याच्या अंत्ययात्रेत बीटी चालला. जटलंडवरून वर्षानुवर्षांचा मतभेद, स्वतःचं हृदय जवळजवळ बंद पडत आलेलं, डॉक्टरांचा विरोध, तरी चालला. चार महिन्यांच्या आत तोही इथेच शेजारी आला.

रात्री यूस्टन स्टेशनावरून शयनगाडी. डब्यात गरम पाणी नव्हतं, हे लिहून विषय संपवते. काकांनी वरचा बर्थ मागितला. "हॅमॉकमध्ये झोपलेला माणूस आहे मी." शिडी चढायला त्यांना पाच मिनिटं लागली, मी ती भिंतीकडे तोंड करून काढली.

दुसरा दिवस, २ जून : इनव्हर्नेस ते थर्सो

सकाळी पडदा सरकवला तर बाहेर डोंगर, हरणं आणि बारीक पाऊस. इनव्हर्नेसला गाडी बदलली. पुढची गाडी दोन डब्यांची, आपल्या नेरळ-माथेरानसारखी हौशी चालीची नाही पण घाई तिलाही नाही. थर्सोला पोचायला जवळजवळ चार तास.

ज्या मार्गाने आम्ही येत होतो त्याला शंभर वर्षांपूर्वी नाविकांनी नाव ठेवलं होतं 'जेलिको एक्स्प्रेस'. ब्रिटनचं मुख्य आरमार स्कॉटलंडच्याही उत्तरेला, ऑर्क्नी बेटांमधल्या स्कापा फ्लो या खाडीत नांगरलेलं. तिथे माणसं पोचवायची कशी? फेब्रुवारी १९१७पासून रोज यूस्टन ते थर्सो अशी खास लष्करी गाडी सुटू लागली. ७१७ मैल, एकवीस तासांहून जास्त. गंमत अशी की गाडी सुरू झाली तेव्हा जेलिको आरमारावर नव्हताच, लंडनला कचेरीत बसलेला होता. पण आरमार म्हणजे जेलिको हे समीकरण इतकं घट्ट बसलेलं की वेल्सहून जहाजांसाठी कोळसा आणणाऱ्या मालगाड्यांनाही त्याचंच नाव पडलं.

डिंगवॉल स्टेशनावर गाडी मिनिटभर थांबली. फलाटावरच्या इमारतीवर एक पाटी आहे, पहिल्या महायुद्धात या स्टेशनावर १,३४,८६४ सैनिकांना चहा पाजला अशी. सप्टेंबर १९१५ ते एप्रिल १९१९. काका दारातून वाकून वाचत होते, तेवढ्यात दार बंद.

"एक लाख चौतीस हजार आठशे चौसष्ट!" पुढचा अर्धा तास ते हाच आकडा घोळवत होते. "मोजले कोणी गं? कपबशीगणिक टिकली मारत असतील. आणि आम्हाला रत्नागिरीला गाडी थांबली की चहा पोचेपर्यंत शिट्टी."

समुद्र उजव्या हाताला इतका जवळ आला की खिडकीतून सील दिसले. मग हेल्म्सडेलनंतर गाडी आत वळते आणि एकदम काहीच नाही. मैलोगणती दलदल, तपकिरी, झाड नाही, घर नाही. काकांचा आवाज इथे खाली आला. त्यांनी मला जेलिकोचा या मार्गावरचा प्रवास सांगितला, तो मला सगळ्यांत आवडला.

३१ जुलै १९१४. युद्ध चार दिवसांवर. जेलिकोला लंडनहून रात्रीच्या गाडीत बसवून उत्तरेला पाठवलं. कागदोपत्री तो ॲडमिरल कॅलॅगनचा दुय्यम म्हणून निघालेला. पण वेळ आली तर कॅलॅगनला बाजूला करून आरमार तू घ्यायचंस, असं तेव्हाचा नौदलमंत्री चर्चिलने निघण्याआधी सांगून ठेवलेलं, आणि तसा हुकूम बंद पाकिटात. कॅलॅगन त्याचा मित्र. युद्धाच्या तोंडावर सेनापती बदलणं खलाशांना पटणार नाही, हेही त्याला कळत होतं. 'विक' नावाच्या गावी उतरला तर समुद्रावर दाट धुकं, पुढची बोट सुटेना. हा त्या छोट्या गावात अडकून पडला, आणि तिथून आणि पुढेही लंडनला तारांवर तारा केल्या: मला हे नको, हे करू नका, पुन्हा विचार करा. उत्तर एकच. ४ ऑगस्टला पाकीट फोडलं. कॅलॅगनने काही न बोलता खुर्ची सोडली.

"आपल्याकडे बढती मिळाली की पेढे वाटतात," मी म्हणाले.

"पेढे वाटणाऱ्याच्या हातात आरमार द्यायचं नसतं," काका म्हणाले.

हे वाक्य मला तेव्हा पटलं. आता तितकंसं पटत नाही, पण त्याकडे येते.

जॉर्जमस जंक्शनला आमची गाडी उलटी फिरली आणि मागच्या तोंडाने थर्सोत शिरली. ब्रिटनमधलं सर्वांत उत्तरेचं रेल्वे स्टेशन. पुढे रूळच नाहीत. मुक्कामाच्या खोलीवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. रात्री साडेदहाला बाहेर लख्ख उजेड. काका पडदे ओढून झोपले, मी खिडकीत बसून राहिले.

तिसरा दिवस, ३ जून : स्क्रॅबस्टर ते स्ट्रॉमनेस

दीड तासाची फेरी. 'होय' नावाच्या बेटाच्या कड्यांसमोरून बोट जाते तेव्हा सगळे प्रवासी एका बाजूला धावतात, कारण समुद्रात 'ओल्ड मॅन ऑफ होय' उभा आहे, १३७ मीटर उंच दगडी सुळका. काका मात्र उलट्या बाजूच्या कठड्याला टेकून सांगत बसले. त्यांना प्रेक्षक मिळाला की निसर्ग लागत नाही.

विषय होता 'व्हिक्टोरिया'. १८९३ सालचा जून. भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश आरमाराचं निशाण-जहाज, म्हणजे सेनापतीचं स्वतःचं जहाज. ॲडमिरल ट्रायन म्हणजे देवमाणूस, त्याच्या कसबाची सगळीकडे ख्याती. आज लेबनॉनमध्ये असलेल्या त्रिपोलीच्या किनाऱ्यासमोर दोन समांतर रांगा चाललेल्या. ट्रायनने हुकूम दिला, दोन्ही रांगांनी आतल्या बाजूला वळा. काकांनी दोन तळहात समोरासमोर धरले आणि आत वळवले. थाड. "सहा केबलचं अंतर, म्हणजे अकराशे मीटर. वळायला आठसुद्धा कमी. हे शेंबड्या पोराला कळलं असतं. जहाजाच्या ब्रिजवर उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं. ॲडमिरलला काहीतरी वेगळं सुचलं असेल असं समजून गप्प बसले." 'कँपरडाउन' सरळ 'व्हिक्टोरिया'त घुसली. ३५८ माणसं बुडाली, ट्रायन त्यात.

जेलिको त्या बोटीवर कमांडर होता आणि तापाने फणफणून खाली पडलेला. तसाच उठून डेकवर आला, पाण्यात पडला, आणि एका कोवळ्या मिडशिपमनने त्याला तरंगता ठेवला म्हणून वाचला. काका म्हणतात, ताप उतरला, असं तो स्वतः सांगायचा.

मी विचारलं, "मग तो यातून काय शिकला?"

काका गप्प झाले. मला वाटतं, त्यांना हा प्रश्न मास्तरांनी कधी विचारला नव्हता.

स्ट्रॉमनेस म्हणजे एकच वळणावळणाची फरशीची गल्ली आणि तिला फुटलेल्या बोळांतून डोकावणारं पाणी. गुहागरच्या वाड्यांची आठवण झाली, फक्त माड नाहीत. माड काय, झाडंच नाहीत. इथला वारा कोणालाच उभं राहू देत नाही.

चौथा दिवस, ४ जून : लायनेस

हाउटनहून छोटी फेरी होय बेटावरच्या लायनेसला जाते. पाणी शांत, राखाडी, आणि चारही बाजूंनी बुटक्या बेटांचं कुंपण. हाच स्कापा फ्लो. सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे पाणी १९१४ ते १९१८ बोटींनी भरलेलं होतं. आज एक तेलाचं टँकर आणि आम्ही.

वाटेत फ्लॉटा बेट दिसतं. आता तिथे तेलाचं टर्मिनल आहे. तेव्हा तिथे नाविकांनी गोल्फचं मैदान केलं होतं, प्रत्येक मोठ्या जहाजाने एकेक भोक बनवलं. जेलिको तिथे खेळायचा, म्हणजे दोन फटक्यांच्या मधे जवळपास पळायचा. निशाण-जहाज 'आयर्न ड्यूक' फार लांब सोडणं त्याला परवडत नव्हतं.

लायनेसच्या संग्रहालयात जुना तेलपंपांचा कारखाना अजून उभा आहे. तिथल्या उपाहारगृहाच्या टेबलावर काकांनी भडंगाची पुडी उघडली, शेंगदाणे वेगळे केले आणि जटलंड मांडलं. शेजारच्या टेबलावरचे दोन जर्मन पाणबुडे खुर्च्या ओढून आले. पाणबुडे म्हणजे बुडी मारणारे, बुडालेली जहाजं बघायला आलेले.

ते असं. ३० मे १९१६च्या रात्री साडेदहापर्यंत या खाडीतलं सगळं आरमार बाहेर पडलं. जर्मन आरमार अजून बंदरातच होतं. लंडनच्या गुप्त कचेरीने त्यांचे बिनतारी संदेश फोडले होते. दोन्ही बाजू मिळून २५०च्या घरात जहाजं. ३१ मेच्या दुपारी बीटीची वेगवान जहाजं आधी भिडली. 'इनडिफॅटिगेबल' आणि 'क्वीन मेरी' स्फोट होऊन गेल्या, प्रत्येकीवर हजाराच्या वर माणूस. बीटी जर्मनांना ओढत जेलिकोकडे आणत होता, पण नेमके कुठे आहेत ते नीट कळवत नव्हता.

काकांनी सहा रांगा केल्या, एका रांगेत चार शेंगदाणे. चोवीस ड्रेडनॉट, म्हणजे त्या काळच्या सगळ्यांत मोठ्या युद्धनौका. "असं चाललंय. समोर धूर, धुकं. शत्रू येतोय हे नक्की, कुठून ते नाही. सहा रांगांची एक रांग करायचीय. उजवीकडून केली तर लवकर होईल, पण जर्मन तोंडावर असतील आणि सगळ्यांत जुनी जहाजं पुढे. डावीकडून केली तर उशीर, पण त्यांच्या वाटेत आडवी भिंत. चुकलास तर देश गेला. किती वेळ आहे तुझ्याकडे?"

जर्मनांपैकी एक म्हणाला, "पाच मिनिटं?"

"एकसुद्धा नाही."

सव्वासहाच्या सुमाराला जेलिकोने होकायंत्राकडे पाहिलं आणि डावीकडे असं सांगितलं. काकांनी शेंगदाणे एकेक सरकवत लांबच लांब रांग केली. मीठदाणीचं झालं जर्मन आरमार. ते धुक्यातून बाहेर आलं तर समोर क्षितिजभर तोफांच्या ज्वाळा. शेअर हा त्यांचा सेनापती, त्याने सगळी जहाजं एकदम जागच्या जागी उलटी फिरवली आणि निसटला. थोड्या वेळाने चुकून पुन्हा त्याच भिंतीवर आला. पुन्हा उलटा फिरला, आणि जाताना टॉर्पेडो बोटी अंगावर सोडल्या.

आणि इथे जेलिकोने ते केलं ज्यासाठी त्याला आयुष्यभर बोल लागला. त्याने आपली रांग शत्रूपासून दूर वळवली. त्या हल्ल्यातला एकही टॉर्पेडो लागला नाही, पण शेअरही गेला. बरं, हे काही ऐनवेळी घाबरून केलेलं नव्हतं. ऑक्टोबर १९१४ मध्येच त्याने वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की शत्रूने पाठ फिरवली तर मी सुरुंगांच्या आणि टॉर्पेडोंच्या सापळ्यात आंधळेपणाने जाणार नाही, आणि वरिष्ठांनी ते मान्य केलं होतं. चर्चिलनेच पुढे लिहिलं, दोन्ही बाजूंत एका दुपारात युद्ध हरू शकेल असा हा एकटाच माणूस होता. माझ्या मते यात त्याची सगळी नोकरी येते. बाकीचे जिंकण्यासाठी लढत होते, याच्या अंगावर न हरण्याची जबाबदारी.

इथपर्यंत मी काकांच्या बाजूने. पण रात्रीचं काय? रात्री शेअर ब्रिटिश आरमाराच्या शेपटीतून घुसून घरी निघून गेला. लंडनला पकडलेल्या संदेशावरून त्याची वाट कळली होती, ती जेलिकोला कळवलीच नाही. हे त्याचं दुर्दैव. पण 'मलाया' या युद्धनौकेवरून जर्मन जहाजं डोळ्यांनी दिसली होती. तोफखान्याच्या अधिकाऱ्याने गोळा टाकायची परवानगी मागितली. कप्तान म्हणाला, ॲडमिरलला दिसतच असेल, आणि नाही दिली. कोणी कळवलंही नाही.

मी काकांना म्हटलं, "काका, हे 'व्हिक्टोरिया'च झालं ना? सगळ्यांना दिसतंय, आणि साहेबांना ठाऊक असेल म्हणून गप्प. त्या बोटीतून जीव वाचवून आलेल्या माणसाने हाताखालच्यांना बोलायला का नाही शिकवलं? उलट त्याचे लढाईचे लेखी हुकूम एवढे जाड की सगळं आधीच ठरलेलं."

काकांनी मीठदाणी उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाले, "आमच्या वेळीही कोणी बोलत नसे." आणि चोवीस ड्रेडनॉट एकेक करून खाऊन टाकली.

१ जूनच्या पहाटे समुद्र रिकामा. ब्रिटनची १४ जहाजं आणि ६,०९४ माणसं गेली, जर्मनांची ११ आणि २,५५१. आकडे जर्मनीच्या बाजूने, समुद्र ब्रिटनच्या ताब्यात. २ जूनच्या रात्री पावणेदहाला जेलिकोने इथूनच कळवलं, आरमार चार तासांच्या सूचनेवर निघायला तयार आहे. जर्मनांचं आरमार तसं राहिलं नव्हतं. पण देशाला दुसरं ट्रफाल्गर हवं होतं. पुढे दहा वर्षं दोघांचे भक्त भांडत राहिले. बीटी देखणा, टोपी तिरकी, कोटाला नियमाच्या आठऐवजी सहाच बटणं. जेलिको बुटका, मोठ्या नाकाचा, शांत. गोष्टीतला नायक कोण होणार हे ठरल्यासारखंच होतं.

संग्रहालयापासून थोडं चालून नौदलाचं कबरस्तान आहे. हिरवळीवर सारख्या उंचीचे पांढरे दगड, मागे डोंगर. पुष्कळांवर नाव नाही, नुसतं 'महायुद्धातला एक नाविक'. काकांनी चपला बाहेर काढल्या. गवत ओलं होतं. मी काही बोलले नाही, मीही काढल्या.

पाचवा दिवस, ५ जून : मारविक हेड

आजची तारीख मुद्दाम धरली होती. ५ जून १९१६, जटलंडहून परतून तीनच दिवस झालेले. लॉर्ड किचनर रशियाला निघाला होता. आपल्या लोकांना किचनर आठवतो तो कर्झनशी भांडून त्याला १९०५ मध्ये घरी पाठवणारा, हिंदुस्थानचा सरसेनापती. तो दुपारी 'आयर्न ड्यूक'वर जेलिकोबरोबर जेवला आणि पावणेपाचच्या सुमाराला 'हँपशायर' क्रूझरवरून निघाला. ईशान्येचं वादळ होतं म्हणून बेटांच्या पश्चिमेची, आडोशाची वाट जेलिकोनेच ठरवली. बोट निघाल्यावर वारा वायव्येला फिरला, आडोसा संपला. सोबतच्या दोन विनाशिकांना लाटांत टिकेना, त्यांना परत पाठवलं. आणि त्या वाटेवर आठवडाभरापूर्वी एका जर्मन पाणबुडीने पाणसुरुंग पेरले होते, ते कोणाला ठाऊक नव्हतं. पंधरा मिनिटांत बोट गेली. ७३७ मेले, १२ वाचले. किचनरचा देह सापडला नाही.

काकांचे गुडघे कडा चढू देईनात. ते खाली टेकून बसले, मी वर गेले. वर १९२६ साली बांधलेला चौकोनी दगडी बुरूज, ४८ फुटी. बांधला किचनरसाठी. बाकीच्यांची नावं कोरलेली भिंत शेजारी आली ती २०१६ला, नव्वद वर्षांनी. मी नावं वाचत फिरले. कड्याखाली हजारो समुद्रपक्षी एकदम ओरडत होते, वाऱ्यावर त्यांच्या विष्ठेचा वास. पाच-सहा लोक फुलं घेऊन आले होते, कोणीही भाषण केलं नाही.

खाली आले तर काका म्हणाले, "त्याला रात्री झोप लागली असेल का गं?"

किचनरला की जेलिकोला, हे मी विचारलं नाही.

रात्री खोलीवर त्यांनी पुढचं सांगितलं, भराभर, जणू नावडता भाग उरकत होते. नोव्हेंबर १९१६च्या अखेरीस आरमार बीटीकडे, जेलिको लंडनला फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलाचा प्रमुख. थकलेला, आजारी, आणि पाणबुड्यांनी देशाचं अन्न तोडलेलं. व्यापारी जहाजांनी ताफ्याने जावं, सोबत विनाशिका द्याव्यात, हे त्याला उशिरा पटलं आणि पुरतं पटलं की नाही कोण जाणे. अमेरिकन ॲडमिरल सिम्सला त्याने एप्रिल १९१७ मध्ये शांतपणे सांगितलं की हे नुकसान थांबलं नाही तर आपण हरणार. २४ डिसेंबर १९१७, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मंत्र्याचं पत्र आलं. नोकरी संपली.

सहावा दिवस, ६ जून : पूर्वेकडची बेटं

आज फक्त गाडी फिरवली. दुसऱ्या महायुद्धात एक जर्मन पाणबुडी याच खाडीत शिरून 'रॉयल ओक' बुडवून गेली. मग बेटांमधल्या वाटा दगड-काँक्रीटच्या बांधांनी बुजवल्या. आता त्यांच्यावरून रस्ता जातो. बांध घालायला आणलेल्या इटालियन कैद्यांनी दोन पत्र्याच्या अर्धगोल बराकी जोडून एक चॅपेल रंगवलंय. सिमेंटवर संगमरवराचा भास. काकांना लढाईपेक्षा हेच जास्त आवडलं, पण ते कबूल करणार नाहीत.

'आयर्न ड्यूक'ही इथेच होती. 'रॉयल ओक' गेल्यावर तीन दिवसांनी विमानांनी तिच्यावर बाँब टाकले, ती उथळ पाण्यात टेकवली. १९४६ मध्ये भंगारात गेली.

बांधावर उभं राहून मी काकांना एक गोष्ट सांगितली, जी त्यांना माहीत नव्हती. मला आनंद झाला, सहा दिवसांत पहिल्यांदाच. २१ जून १९१९ला या खाडीत ठेवलेल्या ७४ जर्मन जहाजांपैकी ५२ जर्मन खलाशांनी स्वतःच्या हातांनी बुडवली. जे आरमार जेलिकोला धुक्यात निसटलं, ते त्याच्या अंगणात येऊन बुडालं, आणि तो तेव्हा ऑस्ट्रेलियात होता. साम्राज्याच्या आरमारांची पाहणी करायला त्याला 'न्यूझीलंड' या जहाजावरून पाठवलं होतं, आणि त्या फेरीत तो मार्च १९१९ मध्ये उतरला होता मुंबईला.

"मुंबईला?" काका वळले. "आपल्या?"

आपल्याच. पुढे तो न्यूझीलंडचा गव्हर्नर-जनरल झाला, चार वर्षं. आपल्या नौदलाला 'रॉयल इंडियन नेव्ही' हे नाव मिळालं १९३४ला, तो जिवंत असताना.

"मास्तरांनी हे सांगितलं नाही," काका म्हणाले. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं. मग म्हणाले, "फोनवर वाचलंस ना?"

सातवा दिवस, ७ जून : परत

सकाळची फेरी, थर्सो, तीच दोन डब्यांची गाडी. डिंगवॉलला समोरून येणारी गाडी उशिरा होती म्हणून आमची थांबून राहिली. गार्ड म्हणाला, दहा मिनिटं तरी. काका ताडकन उठले, थर्मास घेतला आणि फलाटावर उतरले. मी मागे. पाटीखाली उभं राहून त्यांनी झाकणात चहा ओतला, थर्सोच्या खोलीतल्या किटलीत केलेला, साखर जास्त झालेला, आलं घातलेला.

एक घोट घेऊन पाटीकडे बघत म्हणाले, "एक लाख चौतीस हजार आठशे पासष्ट."

मग झाकण माझ्याकडे केलं. "घे. सहासष्ट."